घाटकोपरचा छापखाना आणि आपल्या भिंतीवरची लक्ष्मी

मी मुंबईच्या उपनगरात, मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आपण एरवी कर्ज, हप्ते, लोणची-पापड यांबद्दल बोलतो. आज एका कागदाची गोष्ट सांगणार आहे. तुमच्या देव्हाऱ्याच्या मागे, माजघराच्या भिंतीवर किंवा सासूबाईंच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं एखादं जुनं रंगीत चित्र असेल. कमळात उभी असलेली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, नाहीतर यशोदा आणि बाळकृष्ण. हा कागद घरात आला कुठून, तो कुणी जपला आणि आज त्याच्यावर कुणाचा डोळा आहे, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

दीडशे वर्षांपूर्वी रंगीत चित्र ही गरिबाच्या घरातली वस्तू नव्हती. मोठी चित्रं राजवाड्यात आणि सरदारांच्या वाड्यात असत. आपल्याकडे देव म्हणजे पितळेचा टाक, दगडाची मूर्ती किंवा भिंतीवर गेरूने, तांदळाच्या पिठाने काढलेली आकृती. मग शिळाछाप आला. १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मित्रांनी चित्रशाळा सुरू केली. तिथे देवांची आणि इतिहासातल्या माणसांची रंगीत चित्रं छापली जाऊ लागली. चार पैसे देऊन चित्र घरी नेता येतं, ही गोष्टच लोकांना नवी होती.

त्या सुमारास राजा रविवर्मा हे नाव देशभर गाजत होतं. ते केरळातल्या किळिमानूरचे. जन्म १८४८ चा. तेलरंगात ते अशी माणसं रंगवत की कापडाची चुणी हाताला लागेल असं वाटे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली. ती मुंबईत आणि बडोद्यात लोकांना पाहायला ठेवली, तेव्हा खूप गर्दी झाली. पण बघून घरी गेलेल्या माणसाच्या हातात काही राहत नव्हतं. टी. माधवराव हे त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण. चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, म्हणजे जास्त लोकांपर्यंत पोचतील, असं त्यांनी रविवर्म्यांना आधीच सुचवलं होतं. रविवर्म्यांनी प्रती काढायचं ठरवलं, पण छापखाना इथेच आणला. जर्मनीहून यंत्र आलं, जर्मन कारागीर आले आणि १८९४ साली काम सुरू झालं. धाकटे भाऊ राजा वर्मा कारभार बघत.

हा छापखाना होता आमच्या घाटकोपरला. आज तिथे मेट्रो, मॉल आणि डोंगरावर चढत गेलेल्या वस्त्या आहेत. तेव्हा घाटकोपर मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होतं. बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे मात्र १८५३ पासून याच बाजूने धावत होती. छापखान्यातून निघालेलं पहिलं चित्र ‘शकुंतलेचा जन्म’ हे मानलं जातं.

आता हे छापायचे कसे, ते सांगते, कारण पुढे किमतीचा विषय येणार आहे. चुनखडीच्या एका जातीचा गुळगुळीत घासलेला जाड दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, हे स्वयंपाकघरात आपण रोज बघतो. ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट रेघांना धरते. वर कागद ठेवून दाबला की छाप उठतो. पण हा झाला एक रंग. लक्ष्मीच्या साडीचा लाल वेगळ्या दगडावर, कमळाचा गुलाबी वेगळ्या, कातडीचा रंग आणखी दोन-तीन दगडांवर. एका चित्रासाठी दहा-वीस दगड सहज लागत, कधी त्याहून जास्त. प्रत्येक रंगाच्या वेळी कागद त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर देवीचं कुंकू भुवईवर. शेवटी वरून रोगण लावत, म्हणजे तेलरंगाच्या चित्रासारखी चमक येई.

काम देखणं होतं, धंदा मात्र नीट चालला नाही. त्यात १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं गाव सोडून पळत होती. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, कार्ले-भाजे लेण्यांच्या बाजूला. कर्ज वाढतच होतं. अखेर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रविवर्म्यांनी छापखाना तिथल्याच एका जर्मन कारागिराला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. १९०६ साली रविवर्मा वारले. धुंडिराज गोविंद फाळके म्हणजे पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे दादासाहेब, यांनीही याच छापखान्यात काही काळ काम केलं होतं.

श्लायशर यांनी धंदा सावरला, आणि तो कसा सावरला हे बचत गटातल्या बाईने नीट ऐकावं. त्यांनी मोठ्या चित्रांच्या जोडीला लहान कामं धरली. मालावर लावायची रंगीत लेबलं, जाहिरातीची चित्रं, पोस्टाची चित्रकार्डं. मोठी तसबीर माणूस आयुष्यात दोनदा घेतो. साबण, औषध, काडेपेटी मात्र सारखी लागते आणि प्रत्येकीवर चित्र लागतं.

त्या काळात माल विकणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती. वस्तूबरोबर चित्र दिलं की चित्रासाठी वस्तू घेतली जाते. इंग्लंडच्या गिरण्यांतून कापडाचे तागे इकडे येत, त्यावर रंगीत तिकीट चिकटवलेलं असे. कधी त्यावर देव, कधी राणी, कधी वाघ. अक्षर न येणाऱ्या गिऱ्हाइकाने वाघछाप म्हणून तोच तागा मागावा, हा हेतू. कापड फाटून त्याच्या गोधड्या झाल्या, तरी तिकीट कुणीतरी सोडवून ठेवलेलं असायचं. काडेपेटीचंही तसंच. १९२३ साली विमको ही काडेपेटीची कंपनी निघाली आणि अंबरनाथला तिचा मोठा कारखाना झाला. काडेपेटीवरचे छाप मुलं फाडून गोळा करत, त्यांचे डाव मांडत, जिंकत, हरत. पुढे बबलगममधून क्रिकेटपटूंची चित्रं आली, त्यांवर रन आणि विकेट लिहिलेल्या. आमच्या वेळी वेफर्सच्या पाकिटातल्या चकत्या होत्या. एक चित्र मिळत नाही म्हणून पाच पाकिटं घ्यायची, आणि आईचा मार खायचा.

घरातली मोठी चित्रं मात्र बायकांच्या ताब्यात होती. दुकानातून आणलेल्या कागदाला त्यांनी देव केलं. लक्ष्मीच्या साडीवर खरी जर चिकटवली, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या लावल्या, कापडाचे बारीक तुकडे कापून पदर केला. अशा मढवलेल्या तसबिरी आज संग्रहालयांत आहेत. खाली छापखान्याचं नाव असतं. जर लावणाऱ्या बाईचं नाव कुठेच नसतं. तसंच, ज्या बायकांकडे बघून देवी रंगवल्या गेल्या, त्यांतल्या फार थोड्यांची नावं आज सांगता येतात.

आणखी एक गोष्ट या कागदाने केली. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्या घरातही देवाचं तेच चित्र लागलं जे वाड्यात होतं. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला १९३० साली. त्याच्या पस्तीस वर्षं आधीपासून चित्रातला राम बाजारात मिळत होता, आणि दुकानदार पैसे घेताना जात विचारत नव्हता. चित्राने हक्क मिळाला असं मी म्हणत नाही. हक्कासाठी लढावंच लागलं. पण ते चित्र घरात असणं लहान गोष्ट नव्हती.

आता थोडं लांब, अमेरिकेला जाऊ. चित्र फुकट देऊन माल विकायची हीच युक्ती तिथे खेळाच्या बाबतीत झाली आणि तिचा हिशोब आजपर्यंत लिहून ठेवलेला आहे. आपल्याला त्यातून शिकण्यासारखं आहे.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा दांडू-चेंडूचा खेळ आहे, आपल्या क्रिकेटसारखा लाडका. १८८० च्या दशकात तिथल्या सिगारेट कंपन्या पाकिटात एक पुठ्ठ्याचं छोटं कार्ड घालू लागल्या. पाकीट चेपू नये म्हणून ते आत असे आणि त्यावर खेळाडूचं चित्र. तेही शिळाछापानेच छापलेलं. इंग्लंडमध्ये क्रिकेटपटूंची कार्डं निघाली, त्यांत आपले रणजितसिंहजीही होते. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकेतल्या एका तंबाखू कंपनीने पाचशेहून जास्त चित्रांचा संच काढला. त्यात होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूने आपलं चित्र थांबवायला लावलं. मुलांनी आपल्यासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं काही सांगतात. पैशाचा वाद होता, असं काही सांगतात. छपाई थांबली म्हणून त्याची कार्डं फार थोडी राहिली. तेच कार्ड पुढे सगळ्यात प्रसिद्ध झालं.

नंतर तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. १९५२ साली टॉप्स या कंपनीने ४०७ कार्डांचा मोठा संच काढला. साय बर्गर नावाच्या त्यांच्या माणसाने तो आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला होता. शेवटची कार्डं बाजारात उशिरा आली, तोवर खेळाचा हंगाम संपत आला होता. माल पडून राहिला. आठ वर्षं गोदामात जागा अडवली, कुणी घेईना. शेवटी १९६० साली बर्गरने ती खोकी बोटीत घालून अटलांटिक समुद्रात टाकून दिली. मुलांकडे जी कार्डं होती ती सायकलच्या चाकात अडकवली गेली, चुरगळली, मुलं मोठी झाल्यावर आयांनी साफसफाईत फेकली. तिकडे आजही म्हातारे पुरुष म्हणतात, आईने माझी कार्डं टाकली नसती तर मी श्रीमंत झालो असतो.

२०२२ साली त्याच १९५२ च्या संचातलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड लिलावात गेलं. किंमत १ कोटी २६ लाख डॉलर. आपल्या पैशात जवळजवळ १०० कोटी रुपये. एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला.

ही बातमी ऐकून गंमत वाटते, पण गंमतीपुढे जाऊन बघू. किंमत आली ती तीन गोष्टींमुळे. एक, फार थोडी उरली. दोन, जे उरलं ते कोपरा न दुमडता, डाग न पडता उरलं. तीन, ते कुठलं आहे, कुठल्या साली छापलं आहे, हे पक्कं सांगता येत होतं.

पहिली गोष्ट विसरल्याने काय झालं तेही बघा. १९८० नंतर जुन्या कार्डांच्या किमती वाढल्या तशी लोकांनी नवी कार्डं पोराबाळांच्या शिक्षणासाठी पेट्या भरभरून घेऊन ठेवली. कंपन्यांनीही बेसुमार छापली. सगळ्यांनी जपली म्हणून ती दुर्मिळ झालीच नाहीत. नव्वदीत भाव कोसळला. आज ती कार्डं किलोच्या भावाने जातात. आपल्या जत्रेत सात गट एकच मसाला घेऊन बसतात तेव्हा होतं, तेच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ती जेफरसन बर्डिक या माणसाने केली. सिराक्यूज गावात विजेचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो साधा कामगार होता. पैसा नाही, लग्न नाही, आणि संधिवाताने हाताची बोटं वाकलेली. तो सिगारेट, च्युइंगम, साबण यांबरोबर येणारी सगळी चित्रं गोळा करायचा. १९३९ साली त्याने त्यांची पहिली मोठी यादी केली, प्रत्येक संचाला क्रमांक दिला. तेच क्रमांक आजही जगभर चालतात. तीन लाखांहून जास्त कागद त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दान केले आणि वर्षानुवर्षं तिथे बसून वहीत चिकटवले. १९६३ च्या जानेवारीत शेवटचं पान पुरं केलं. दोनच महिन्यांत तो वारला. एका कार्डाला १०० कोटी मिळतात, त्यामागे या माणसाची वही आहे.

आता परत आपल्या घरी येऊ. मळवलीचा तो छापखाना पुढे बरीच वर्षं चालला. १९७२ साली तिथे मोठी आग लागली आणि बहुतेक सगळं जळून गेलं. म्हणजे जे चित्र घरोघरी पोचलं होतं, तेच मुख्यतः उरलं. भिंतीवर, ट्रंकेत, माळ्यावर. बायकांनी पुसून, हळदकुंकू वाहून, दिवाळीला पुन्हा खिळ्याला अडकवून राखलं म्हणून उरलं. बर्डिकने एकट्याने केलं, ते आपल्याकडे हजारो बायकांनी केलं. फक्त वही कुणी ठेवली नाही.

वही नसल्याचा फायदा दुसरे घेतात. आमच्या एका गटातल्या ताईंचं कोकणातलं सासरचं घर दुरुस्तीला काढलं होतं. जुनी घरं फिरून वस्तू घेणारा एक माणूस आला. चार तसबिरी, एक लाकडी पेटी आणि पितळेचा पिकदाणीसारखा काहीतरी तुकडा, सगळ्याचे मिळून त्याने दोन हजार दिले. घरच्या पुरुषांनी व्यवहार केला. ताईंना फोनवर कळलं. त्या मला म्हणाल्या, पैशाचं सोडा, पण त्यातल्या सरस्वतीच्या पदराला आजेसासूबाईंनी स्वतःच्या शालूची जर लावली होती, हे त्याला सांगायचं राहिलं. मी विचारलं, कुणाला आणखी माहीत होतं का? तर फक्त त्यांना, आणि सासूबाई गेलेल्या. म्हणजे ती सरस्वती आता कुठल्या तरी शहरात भिंतीवर असेल, कदाचित पन्नासपट किमतीला विकली गेली असेल, आणि ती जर कुणाची हे आता कुणालाच कळणार नाही.

विकू नका असं मी सांगणार नाही. घर चालवायला कधी विकावं लागतं. पण काय विकतो आहोत ते कळून विकावं. म्हणून काही साध्या गोष्टी सांगते.

तसबीर असेल तर चित्राची खालची पांढरी पट्टी बघा. छापखान्याचं आणि गावाचं नाव बहुतेक वेळा तिथेच असतं. चौकटीत बसत नाही म्हणून ती पट्टी कापू नका, तीच चित्राची ओळख आहे. भिंगातून बघा. ओळीत बसवलेले एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ती बहुधा अलीकडची छपाई आहे, कारण जुन्या चित्रांच्या नव्या प्रतीही बाजारात खूप आहेत. शिळाछापाचे ठिपके वाळूसारखे वेडेवाकडे असतात. प्रत्येक जुनं चित्र हजारोंचं असतं असंही नाही. ही चित्रं मोठ्या संख्येने छापली गेली होती, हे लक्षात ठेवा, म्हणजे कुणी भलती आशा दाखवून फसवणार नाही.

चित्र ओल्या भिंतीवर लावू नका, ऊन थेट पडेल असंही नको. फाटलं तर चिकटपट्टी किंवा फेव्हिकॉल लावू नका, प्लास्टिकमध्ये पक्कं बंद करून घेऊ नका. ट्रंकेत ठेवायचं तर सुती कापडात, वाळलेला कडुनिंबाचा पाला जवळ ठेवून, आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघावं. कसर आणि वाळवी वाट बघत नाहीत. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी नेऊन विकायला कायद्याने बंदी आहे. घेणारा फार घाई करत असेल तर थांबा, दुसऱ्या ठिकाणी दाखवा, जवळच्या शासकीय संग्रहालयात विचारा. सौदा घरातल्या बाईला विचारल्याशिवाय होऊ देऊ नका.

आणि सगळ्यात आधी वही करा. गटाची हिशोबाची वही आपण पै-पैशासाठी ठेवतोच. तशीच एक पातळ वही. कुणाच्या घरी कुठलं चित्र आहे, कुणी आणलं, कुठल्या बाजारातून किंवा कुणाच्या लग्नात आलं, कुणी जर लावली, कुणी पुजलं. आजी सांगेल तसं तिच्याच शब्दांत लिहा. मोबाईलवर पुढून-मागून फोटो काढा. चित्र सगळ्यांकडे एकच असेल, लक्ष्मी तीच असेल, पण तिच्याबरोबरची हकीकत प्रत्येक घरात वेगळी निघेल.

लेबलं, काडेपेटीचे छाप, कापडाची तिकिटं, लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं हेही त्यात घ्या. रद्दीत देण्याआधी एकदा बघा. भांडी घेऊन येणाऱ्या बोहारणीशी आपण एका वाटीसाठी अर्धा तास घासाघीस करतो. कागदाच्या बाबतीत मात्र उदार होतो, कारण तो आपल्याला फुकटचा वाटतो.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते झाल्यावर दहा मिनिटं यासाठी काढा. प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका जुन्या चित्राबद्दल सांगायचं, आणि जिचं अक्षर चांगलं तिने लिहून घ्यायचं. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची आजी आहे, तिच्यापासून सुरुवात करा. तिला आठवतंय तोवर.